अकराची शिकवणी

लाखनी, ४ ऑगस्ट, सोमवार

निवृत्त होऊन चार दिवस झाले. निरोपाला तीन भिंतीवरची घड्याळं आणि ही वही मिळाली. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला तीन घड्याळं. एक लावलं, दोन कपाटावर ठेवली. वही मात्र वापरायची ठरवलं आहे.

आज उषाने सकाळी दोनदा माझ्या पायांभोवतीनं झाडलं. मग झाडू टेकवून म्हणाली, "अवो, एकच पेपर किती डाव वाचून राहिले? काही शिका ना. कॉम्प्युटरचं शिका. हर्षाले विचारा, ते शिकवन तुमाले."

मी म्हटलं, "अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"पोरगी तरी बोलन तुमच्यासंग. रोज बोलन."

तिच्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण दुपारी पडल्या पडल्या मला एक कल्पना सुचली. आपण प्रोग्रॅमिंग शिकावं. फार वर्षांपूर्वी शाळेत पहिला संगणक आला तेव्हा मी एका शिबिराला गेलो होतो. तिथल्या माणसाने पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, x = x + 1. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, हे विधान चूक आहे. तो म्हणाला, संगणकात चालतं. ज्यात हे चालतं ते माझं नाही, असं म्हणून मी परत आलो. तेव्हापासून पोरांच्या वहीत असं काही दिसलं की लाल रेघ मारत आलो.

हर्षा मागे एकदा म्हणाली होती की काही भाषा अशाही आहेत ज्यात फंक्शन म्हणजे खरोखर गणितातलं फलन. एक घातलं की एकच निघतं. त्यांना फंक्शनल भाषा म्हणतात. तशी एखादी घ्यावी.

६ ऑगस्ट, बुधवार

हर्षा पुण्याला आहे. सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं झाली तिला. एरवी तिचा फोन रविवारी, तोही चालत चालत. आज मी सकाळी अकराला लावला, म्हटलं उचलणार नाही. पहिल्याच घंटीला उचलला.

माझ्या यादीत तीन नावं होती: हॅस्केल, एलिक्सिर, क्लोजर. क्लोजरची पानं मोबाईलवर पाहिली तर नुसते कंस. एका ओळीत अकरा मोजले. पोरांनी एवढे कंस टाकले असते तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. ती खोडली. हॅस्केल पाहून मात्र जीव हरखला. जणू कोणी प्रमेय मांडून ठेवलं आहे.

"कोणती घेऊ?" मी विचारलं.

"कोणतीही घ्या बाबा. काही फरक पडत नाही."

आवाज बसलेला वाटला. विचारलं तर म्हणाली, एसीची सर्दी.

७ ऑगस्ट

अकरा वाजता तिचाच फोन. कामाच्या दिवशी, सलग दुसऱ्या दिवशी! आवाज जरा बरा होता. म्हणाली, "बाबा, एलिक्सिर घेऊ. मीच शिकवते तुमाले. रोज अकराले, एक तास."

"आणि तुझं ऑफिस?"

"सध्या काम कमी आहे."

एलिक्सिरच का, विचारलं. म्हणाली, पुण्यातल्या एका कंपनीत हीच भाषा वापरतात, दिवाळीनंतर ते माणसं घेणार आहेत. मी म्हटलं, त्याचा आपल्याला काय उपयोग, मी आता कुठे नोकरी करणार? ती हसली नाही. माझा विनोद कळला नसावा.

उषा कणीक मळत ऐकत होती. म्हणाली, "ते म्हणते ते घ्या. आणि आता बदलवू नका. तुमाले सवय आहे."

मला कसली सवय आहे, मला माहीत नाही.

१९ ऑगस्ट

शिकवणी नियमित चालू आहे. कॉलेजसाठी घेतलेला हर्षाचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, ती तिकडे, मी इकडे.

विद्यार्थी म्हणून मी त्रासदायक आहे, हे कबूल करतो. तिने एखादी गोष्ट सांगितली की मी माझ्या शाळेतल्या पद्धतीने म्हणतो, "असं नाही. फळ्यावर ये. मला काही येत नाही असं समजून सांग." मग तिला पहिल्यापासून सांगावं लागतं. बऱ्याचदा ती मध्येच अडकते, ओठ चावते आणि म्हणते, "हे उद्या सांगते बाबा." दुसऱ्या दिवशी असं स्वच्छ सांगते की वर्गात घेऊन जावं. एवढी हुशार पोरगी, पण कामाच्या गर्दीत साध्या गोष्टी विसरते. कंपन्या माणसाला पिळून काढतात.

तिच्याकडेही सध्या स्वतःचाच लॅपटॉप आहे. ऑफिसचा परत केला म्हणते. नवीन देणार असतील.

उषाने सोमवार धरले आहेत. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "पचन चांगलं राहते."

२२ ऑगस्ट

पोळा. म्हटलं आज सुट्टी. तरी अकराला फोन आला. बैलांचे फोटो मागितले आणि मग पाऊण तास शिकवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज फार वाईट गोष्ट घडली.

सहज म्हणून मी एलिक्सिरमध्ये लिहिलं, x = 5. मग लिहिलं, x = x + 1. मला वाटलं आता या भाषेचं गणिताचं प्रेम दिसेल, ती मला ठणकावून नाही म्हणेल. तिने मुकाट्याने उत्तर दिलं, 6.

महिनाभर ज्या भाषेला मी आपली समजलो ती शिबिरातल्या त्या माणसाचीच निघाली. हर्षा म्हणाली, "बाबा, तसं नाही ते. जुना पाच बदलत नाही, तो आहे तिथेच आहे. फक्त नावाची पाटी नवीन घरावर लावली." मी म्हटलं, पाटी एका घराची काढून दुसऱ्या घरावर लावली तर पोस्टमनने काय करायचं? हॅस्केलमध्ये असं नाही. तिथे x ठरला की ठरला.

मी सरळ सांगितलं, उद्यापासून हॅस्केल.

ती म्हणाली, "नको ना बाबा."

"काहून?"

"आता अर्ध्यात आलो आपण. दिवाळीपर्यंत तरी हेच ठेवा. मग तुमी काहीही शिका."

"भाषा मले शिकायची आहे. दिवाळीचा काय संबंध?"

"संबंध आहे," ती म्हणाली आणि नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. पुण्यात नेटवर्क जातं, हे नवीनच ऐकलं.

१० सप्टेंबर

अकराला फोन आला नाही. मी हॅस्केल उघडून बसलो होतो.

साडेअकराला उषा समोर येऊन बसली. ती अशी समोर बसते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. म्हणाली, "अवो, तुमचा तो एक्स चुकीचा राहिला तं कोनाचा जीव जाते का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पोरगी कालपासून जेवली नाही."

"तुले कसं माहीत?"

"मी आई आहो तिची." आणि मोबाईल माझ्याकडे सरकवून म्हणाली, "लावा फोन. म्हना, एलिक्सिर ठेवतो."

एका भाषेवरून पोरीने जेवण सोडावं, हे मला समजलं नाही. पण काल ती "नको ना बाबा" म्हणाली तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दहावीत तिला चिकनगुनिया झाला होता, बोटं वाकत नव्हती. मी तिला म्हटलं होतं, परीक्षा पुढच्या वर्षी दे. तेव्हाही ती असंच म्हणाली होती. तेव्हा मी ऐकलं आणि ते बरं झालं.

फोन लावला. म्हटलं, "मास्तरीणबाई, तास चुकवल्याबद्दल दोघांनाही शिक्षा. आज दोन तास."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी अजून गेलेली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला माझा मोठा भाऊ सुखराम दिघोरीहून आला होता. तिथे आमचं शेत त्याच्याकडे आहे. पाऊस थांबला आहे आणि धान निसवलं आहे, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या आहेत. आत्ता पाणी हवं. गावतलावाचं पाणी पाळीने सोडतात: तलावाच्या तोंडाशी असलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आधी, मग त्यांच्या खालच्या, अशा एकतीस घरांच्या पाळ्या. यादी दरवर्षी भाऊच हाताने करतो. कोणाला किती तास, कोणाची पाळी कधी सुरू होते, सगळं.

मी म्हटलं, यंदा यादी मी करतो. एलिक्सिरमध्ये.

काल हर्षासोबत लिहायला घेतली, उरलेली आज एकट्याने पुरी केली. आजपर्यंतची माझी सर्वांत मोठी रचना. एकेक नाव घ्यायचं, तास जोडायचे, यादीत घालायचं, मग यादीच्या वरून खाली प्रत्येकाची वेळ काढत जायची. चालवली आणि एका क्षणात एकतीस नावं वेळेसकट समोर. तासांची बेरीज दोनदा पडताळली, बरोबर. लगेच गावाच्या ग्रुपवर पाठवली. खाली लिहिलं: संगणकाने केलेली यादी, शंका नसावी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सातला भाऊचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"श्रावन, तुह्या कॉम्प्युटरनं तलाव उलटा केला ना बे!"

यादी उलटी निघाली होती. एकतिसावं नाव पहिलं, पहिलं एकतिसावं. मी बेरीज तपासली, क्रम पाहिलाच नाही. आणि ग्रुपवर चाळीस माणसांनी ती वाचून अंगठ्याचं चिन्ह टाकलं, कोणी अवाक्षर काढलं नाही. गणिताच्या मास्तरची यादी चुकेल कशी?

शेवटची बांधी पंचफुलाबाईची. तिला दरवर्षी पाणी आठव्या दिवशी मिळतं, तेही उरलंसुरलं. पहाटे पाचला ती फावडं आणि मोबाईल घेऊन पाटावर हजर. पाणी सोडायचं काम दादाजी करतो. त्याने तिच्या मोबाईलवर यादी पाहिली आणि पाट सरळ खालपर्यंत मोकळा केला. वरचे शेतकरी धावून आले तेव्हा तो म्हणाला म्हणे, "मले काय बोलता? मास्तरचा लेख आहे. शंका नसावी असंबी लिवलं आहे." तोवर तिची बांधी भरली होती.

"पंचफुला काय म्हनते?" मी भीत भीत विचारलं.

"काय म्हनते! म्हनते, एवढ्या वर्सात पयलं पानी पयल्यांदा भेटलं, मास्तरले दरवर्सी यादी कराले सांगा."

बाकीच्या पाळ्या आता जुन्या क्रमाने लावल्या. भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही, असं त्याने फोनवरच सांगितलं.

अकराला मी हे सगळं हर्षाला सांगितलं. ती हसायला लागली. थांबेचना. दादाजीचं वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं. डोळे पुसून म्हणाली, "बाबा, यादीत नवीन नाव डोक्यावर बसते, शेवटी नाही. शेवटी एकदा पालटावी लागते यादी. परवा मीबी हेच केलं."

"तू? पाच वर्षं काम करून?"

"हो," ती म्हणाली, "मीबी."

उषा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. दारातच उभी राहून नुसतं ते हसणं ऐकत होती. मला म्हणाली, "अजून एखादी यादी नाही का कोनाची?"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हर्षा दिवाळीला आली. नागपूरहून एसटीने. हायवेवर घ्यायला गेलो तर दोन मोठ्या बॅगा, एक खोकं आणि मिक्सर.

"दिवाळीले मिक्सर कायले आनला?"

"आईचा जुना झाला म्हणून."

उषाचा मिक्सर मागच्या वर्षीच घेतला आहे. मिक्सर मीच उचलला. पोरगी वाळली आहे.

१८ ऑक्टोबर

आज अकराला आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर बसलो. मी वही उघडली. तिने ती मिटली.

"बाबा, माझी नोकरी जुलैत गेली."

बाहेर एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत होता. तो गेल्यावर ती पुढचं बोलली. तिच्या टीममधल्या चौदा जणांना एका दिवसात काढलं. जुनं काम आता कोणी मागत नाही. दिवाळीनंतर माणसं घेणारी ती कंपनी तिनेच शोधली होती. त्यांना एलिक्सिर येणारा माणूस हवा, आणि तिला ती येत नव्हती. रोज रात्रभर शिकायची आणि अकराला मला शिकवायची. सत्तावीस तारखेला मुलाखत आहे.

मी पहिल्यांदा विचारलं ते चुकीचंच. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी त्याच महिन्यात रिटायर झाले. दोघंबी एकाच महिन्यात घरी बसलो, असं कसं सांगू?"

उषाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोमवार, पचन, सगळं आता समजलं.

दुपारी ही वही मागे चाळली. हर्षा कामाच्या दिवशी अकराला फोन उचलते, हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. लॅपटॉप परत केल्याचं लिहिलं आहे. सर्दी दोनदा लिहिली आहे. सगळ्या पायऱ्या बरोबर मांडल्या आणि उत्तरच काढलं नाही. विद्यार्थ्याने असं केलं तर मी अर्धे गुण द्यायचो. मला तेवढेही देणार नाही. आणि त्यात मी हॅस्केलचा हट्ट धरून बसलो होतो.

एक मात्र बरं झालं, शिकायची कल्पना मला वेळेवर सुचली. नाहीतर पोरगी तिकडे एकटी पडली असती. उषाला हे बोलून दाखवलं.

"हो ना," ती म्हणाली, "नशीब, तुमाले सुचलं."

२७ ऑक्टोबर, सोमवार

मुलाखत घरातूनच, लॅपटॉपवर, दुपारी तीनला. मागच्या खोलीत टेबल लावलं. सगळं तयार, आणि अडीचला पलीकडच्या वस्तीतल्या मंडईचा भोंगा सुरू झाला. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, रात्री नाटक, दिवसा गाणी. भिंती थरथरत होत्या. हर्षा धावत खिडक्या लावायला लागली.

मी चप्पल घातली आणि निघालो. भोंगेवाला गोपीचंद माझा विद्यार्थी निघाला. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, हर्षाची परीक्षा आहे, दोन तास बंद ठेव.

"सर, पंच लोक मले मारतीन!"

"मी इथे बसतो. मारायला आले तर मले मारतीन."

त्याने बटण दाबलं. "सर, नववीत तुमी मले गप्प बसवू शकले नाही. आता बसतो."

पंच आले. त्यातले दोघे माझ्याच हाताखालून गेलेले. मारणं दूरच, एकाने चहा आणला. पावणेचारला राहवेना म्हणून घरी आलो आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, खुर्ची टाकून दाराबाहेर बसलो. इंग्रजीत चाललं होतं. हर्षाने तीन वेळा सरळ सांगितलं की हे मला येत नाही. मी मोजलं. उषाला हळूच म्हटलं, "गेलं."

"येत नाही ते येत नाही म्हनते," उषा म्हणाली. "खोटं तं नाही ना बोलत?"

मग बराच वेळ हर्षाच बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. समोरच्याला काहीच येत नाही असं समजून, एकेक पायरी, न घाई करता. माझ्याच तासाची चाल. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! पत्र आलं. तीन वेळा "येत नाही" म्हटल्यावरही घेतलं. तिला विचारणाऱ्या बाईने शेवटी म्हटलं म्हणे, तुम्ही फार नीट समजावून सांगता, कुठे शिकवत होता का? हर्षाने सांगितलं, हो, एक विद्यार्थी होता, फार त्रासदायक.

उषाने सोमवार सोडला नाही. म्हणते, आता सवय झाली.

मला आनंदाने जेवण गेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

हर्षाला नागपूरच्या गाडीत बसवून आलो. उद्यापासून कामावर. खिडकीतून म्हणाली, "बाबा, आता तुमी मोकळे. घ्या तुमची हॅस्केल. मी काही म्हणणार नाही."

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी हॅस्केल उघडली. तीन महिन्यांपासून मनात होती. दीड तास बसलो. खरंच सुंदर आहे. कुठे पाटी बदलत नाही, कुठे लबाडी नाही, प्रत्येक ओळ आपल्या शब्दाला जागते. गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हीच घ्यावी. दोन छोटी फलनं लिहिली, दोन्ही पहिल्याच फेरीत बरोबर आली.

मग बंद केली आणि एलिक्सिर उघडली.

उषा भाजी निवडत बघत होती. "काहून? इतक्या दिवसांपासून तेच पाहिजे होती ना तुमाले?"

"चांगली आहे," मी म्हटलं. "पण त्या गावात आपल्या ओळखीचं कोणी राहत नाही."